ग्रेट ओशन रोड: दोघांनी गाडीने करावाच असा प्रवास

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातला हा सुमारे 240 किलोमीटरचा किनारी रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात, शहीद साथीदारांच्या स्मरणार्थ बांधला. आम्ही नवरा-बायको आलटून-पालटून गाडी चालवत गेलो.

🚗 सुरुवात टॉर्कीकडून करा. इथेही वाहतूक डावीकडूनच असते, त्यामुळे समुद्र आपल्याच बाजूला राहतो.

🐨 केनेट रिव्हरला निलगिरीच्या झाडांवर कोआला शोधा.

🌊 लाटांनी चुनखडीचे कडे कोरून ‘ट्वेल्व्ह अपोसल्स’चे सुळके घडवले. त्यातला एक 2005 मध्ये कोसळला. ही झीज आजही सुरू आहे.

घाई करू नका, वाटेत एक मुक्काम कराच. अंधारात कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून सूर्यास्तानंतर गाडी चालवणं टाळा.