पैसे देणाऱ्यालाच कुलूप का? पीसी गेममधल्या 'डीआरएम'चा वाद नेमका काय आहे?

मे २०२१ मध्ये कॅपकॉम या जपानी कंपनीचा 'रेझिडेंट इव्हिल व्हिलेज' हा गेम आला. ज्यांनी पूर्ण किंमत मोजून तो पीसीवर घेतला, त्यांच्यापैकी अनेकांची एकच तक्रार होती. गेम मधेच अडकतो. शत्रूवर गोळी झाडली की स्क्रीन क्षणभर थिजते.

जुलैमध्ये याच गेमची क्रॅक केलेली, म्हणजे कुलूप तोडलेली कॉपी इंटरनेटवर आली. ती बेकायदा होती, फुकट होती आणि विकतच्या कॉपीपेक्षा चांगली चालत होती. डिजिटल फाउंड्री ही गेमच्या तांत्रिक चाचण्या घेणारी नावाजलेली टीम. त्यांनीही दोन्हींतला फरक तपासला आणि तो खरा निघाला. त्याच महिन्यात कॅपकॉमने चोरीविरोधी तंत्रज्ञानात सुधारणा करणारा अपडेट दिला.

थोडक्यात काय, तर ज्याने पैसे दिले त्याला मनस्ताप आणि ज्याने दिले नाहीत तो मजेत. पीसी गेमर्स गेली अनेक वर्षं हेच सांगत आलेत. पण मग कंपन्या हे कुलूप लावायचं थांबवत का नाहीत? त्याचं उत्तर पैशात आहे, आणि ते उत्तर अगदीच चुकीचं नाही.

डीआरएम म्हणजे काय?

डीआरएम म्हणजे डिजिटल राइट्स मॅनेजमेंट. सोप्या भाषेत, विकलेल्या डिजिटल वस्तूला लावलेलं कुलूप. पुस्तक विकत घेतलं की ते मित्राला देता येतं, जुन्या बाजारात विकता येतं. गेमची फाइल मात्र एका मिनिटात हजार जणांना कॉपी करून देता येते. ते होऊ नये म्हणून गेम सुरू होताना तपासणी केली जाते की ही कॉपी खरी आहे का आणि चालवणारा तिचा खरा ग्राहक आहे का.

ही कल्पना इंटरनेटच्या आधीची आहे. १९९० मध्ये आलेल्या 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' या गेमच्या खोक्यात पुठ्ठ्याची एक गोल चकती यायची. स्क्रीनवर समुद्री चाच्याचा चेहरा दिसायचा. चकती फिरवून तो चेहरा जुळवायचा आणि त्यातून मिळणारा आकडा टाइप करायचा. फ्लॉपीची कॉपी करणं सोपं होतं, पण चकती नसेल तर गेम पुढे सरकत नसे.

पुढे सीडी आली आणि सेफडिस्क, सेक्युरॉम, स्टारफोर्स अशी नावं आली. ड्राइव्हमध्ये मूळ डिस्क आहे की नाही हे ही सॉफ्टवेअर तपासत. त्यातली काही तर कॉम्प्युटरच्या अगदी आतल्या पातळीवर जाऊन बसत. गेम खेळायला घेतला आणि घरात पाहरेकरी मुक्कामाला आला, असा हा प्रकार होता.

वाद पेटला कधी?

सप्टेंबर २००८ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स म्हणजे ईए या कंपनीने 'स्पोअर' हा गेम आणला. त्याची वाट जगभर पाहिली जात होती. त्यात सेक्युरॉम होतं आणि सोबत एक अट होती. गेम फक्त तीन कॉम्प्युटरवर सुरू करता येईल.

गेमर्स चिडले. पैसे मोजून गेम घेतला, मग तो किती मशीनवर चालवायचा हे कंपनी का ठरवणार? ॲमेझॉनवर एक स्टार देणाऱ्या हजारो प्रतिक्रियांचा पाऊस पडला. अमेरिकेत कंपनीवर खटला दाखल झाला. शेवटी ईएने ही मर्यादा तीनवरून पाच केली.

गंमत म्हणजे, कुलूप तोडलेली कॉपी गेम बाजारात येण्याआधीच इंटरनेटवर पोहोचली होती. पायरसीच्या बातम्या देणाऱ्या टोरेंटफ्रीकच्या आकडेवारीनुसार २००८ मध्ये सर्वांत जास्त चोरला गेलेला गेम 'स्पोअर'च होता, जवळपास १७ लाख डाउनलोड्ससह.

दोन वर्षांनी फ्रान्सच्या युबिसॉफ्टने त्याच्याही पुढचं पाऊल टाकलं. मार्च २०१० मध्ये पीसीवर आलेला 'असॅसिन्स क्रीड २' हा एकट्याने खेळायचा गेम. तरी तो चालवायला इंटरनेट सतत सुरू असणं सक्तीचं होतं. नेट गेलं की गेम थांबणार. त्याच महिन्यात युबिसॉफ्टच्या सर्व्हरवर हल्ला झाला, सर्व्हर कोलमडले आणि विकत घेणारे कित्येक जण गेम घरात असूनही खेळू शकले नाहीत. ओरड इतकी झाली की पुढे कंपनीने ही सक्ती मागे घेतली.

मग डेनुव्हो काय आहे?

आज या वादात सर्वांत जास्त घेतलं जाणारं नाव म्हणजे डेनुव्हो. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गची ही कंपनी. २०१४ मध्ये 'फिफा १५' पासून तिचं तंत्रज्ञान गेममध्ये दिसू लागलं. २०१८ मध्ये इर्डेटो या कंपनीने ती विकत घेतली.

डेनुव्होची पद्धत जुन्या कुलपांपेक्षा वेगळी आहे. जुनं कुलूप दारावर असायचं. क्रॅक करणारा तेवढा तपासणीचा भाग शोधून काढून टाकायचा आणि दार उघडायचं. डेनुव्हो गेमच्या कोडमधलेच काही भाग वाचायला अतिशय किचकट अशा रूपात बदलतं. गेम पहिल्यांदा सुरू करताना सर्व्हरकडून त्या विशिष्ट कॉम्प्युटरपुरता परवाना घेतो. मग खेळ चालू असताना हे किचकट भाग त्या परवान्याच्या मदतीने चालतात. म्हणजे कुलूप दारावर नाही, भिंतींमध्ये चिणलेलं आहे. ते काढायचं तर घराला हात लावावा लागतो.

याचा परिणाम दिसला. जे गेम पूर्वी पहिल्याच दिवशी क्रॅक व्हायचे, ते महिनोन्महिने टिकू लागले. जानेवारी २०१६ मध्ये थ्रीडीएम या चिनी क्रॅकिंग गटाच्या प्रमुखाने तर म्हटलं होतं की असंच चालू राहिलं तर दोन वर्षांत फुकट खेळायला गेमच उरणार नाहीत. तसं झालं नाही. त्याच वर्षी डेनुव्हो फोडलं गेलं. मात्र हे काम आजही मोजक्याच लोकांना जमतं.

कंपन्यांचं म्हणणं काय?

मोठा गेम बनवायला शेकडो लोक आणि काही वर्षं लागतात. त्याची विक्री सिनेमासारखीच असते, पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त. तेवढा काळ जरी फुकटची कॉपी मिळाली नाही, तरी कुंपणावर बसलेले काही जण पैसे देऊन गेम घेतात, असं कंपन्यांचं गणित आहे.

बरीच वर्षं हा केवळ दावा होता. २०२४ मध्ये विल्यम वोल्कमन या संशोधकाचा अभ्यास 'एंटरटेनमेंट कॉम्प्युटिंग' या नियतकालिकात आला आणि त्याला आकडे मिळाले. डेनुव्हो लावलेले ८६ गेम त्यांनी तपासले. गेम आल्याआल्या क्रॅक झाला तर एकूण कमाईत सरासरी सुमारे २० टक्के घट होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. एखाद्या मध्यम आकाराच्या स्टुडिओसाठी हा पुढचा गेम बनवता येणार की लोकांना कामावरून काढावं लागणार, यातला फरक ठरू शकतो.

पण याच अभ्यासाचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. कुलूप १२ आठवडे टिकलं, तर त्यानंतर क्रॅक आल्याने कमाईवर सरासरी काहीच परिणाम होत नाही. तीन महिन्यांनंतर डेनुव्हो ठेवण्याला फारसा आधार नाही, असं हा अभ्यास सांगतो.

विरोधकांचं म्हणणं काय?

पहिला मुद्दा, पायरसीचं खरं कारण गैरसोय हे आहे. स्टीम हे पीसी गेम्सचं सर्वांत मोठं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी २०११ मध्ये हीच मांडणी केली होती. चोराकडे मिळणारी सेवा दुकानापेक्षा चांगली असेल तर लोक चोराकडे जाणारच, असा त्यांचा रोख. भारतातल्या गेमर्सना हे वेगळं सांगायला नको. स्टीमवर रुपयांत किमती नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरू झाल्या. त्याआधी किंमत डॉलरमध्ये दिसायची आणि परदेशी व्यवहार चालणारं कार्ड लागायचं. अर्थात, स्टीमसुद्धा पूर्ण कुलूपमुक्त नाही. तिथल्या बहुतेक गेमना स्टीमचं खातं लागतं. पण सोय इतकी आहे की ते कुलूप कुणाला फारसं खुपत नाही.

दुसरा मुद्दा, कुलपाशिवायही धंदा होतो. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये जीओजी हे दुकान सुरू केलं. तिथे गेम विकत घेतला की फाइल डाउनलोड करून हवी तिथे ठेवता येते. याच कंपनीचा 'द विचर ३' २०१५ मध्ये पहिल्या दिवसापासून तिथे कुलपाशिवाय मिळत होता. कन्सोल आणि पीसी मिळून या गेमच्या पाच कोटींहून जास्त प्रती खपल्या. अर्थात, प्रत्येक गेम 'विचर' नसतो, हेही खरं.

तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. चावी कंपनीच्या हातात असेल, तर घेतलेली वस्तू खरंच आपली आहे का?

कुलूपवालाच निघून गेला तर?

२०१५ मध्ये विंडोज १० आलं. सेफडिस्कला लागणाऱ्या फाइलमुळे सुरक्षेचा धोका होता, म्हणून मायक्रोसॉफ्टने ती त्यात ठेवलीच नाही. परिणामी २००० च्या आसपासच्या कित्येक गेम्सच्या अस्सल डिस्क नव्या कॉम्प्युटरवर चालेनाशा झाल्या. डिस्क खरी, बिल खरं, गेम बंद. क्रॅक केलेल्या कॉपीला मात्र ही अडचण नव्हती.

२०२१ च्या अखेरीस इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर आले. त्यात दोन प्रकारचे कोअर होते. काही गेममधल्या डीआरएमला वाटलं की हे दोन वेगवेगळे कॉम्प्युटर आहेत, आणि गेम चालेना. इंटेलला अशा गेम्सची यादी जाहीर करावी लागली आणि नंतर अपडेट्स आले. तो गेम बनवणारी कंपनी तोवर बंद पडली असती, तर अपडेट कुणी दिला असता?

असाच धक्का ३१ मार्च २०२४ ला बसला. युबिसॉफ्टने 'द क्रू' या २०१४ च्या कार रेसिंग गेमचे सर्व्हर बंद केले. गेमला सतत इंटरनेट लागत असल्याने एकट्याने खेळायचा भागही कायमचा गेला. हे नेहमीच्या अर्थाने डीआरएम नाही, पण ग्राहकासाठी निकाल तोच. यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. कंपनीने गेम सोडताना तो खेळता येईल अशा अवस्थेत सोडावा, ही तिची मागणी. युरोपीय संघाकडच्या तिच्या याचिकेने जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला.

कायदा कुणाच्या बाजूने आहे?

बहुतांशी कुलूप लावणाऱ्याच्या. भारतात २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने असं तांत्रिक संरक्षण तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने, काही सवलती वगळता, कुलूप तोडणंच बेकायदा ठरवलं.

ग्राहकाच्या बाजूने छोटी पावलं पडतायत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल वस्तू विकताना हे स्पष्ट सांगावं लागतं की तुम्ही वस्तू नाही, फक्त ती वापरण्याचा परवाना घेत आहात. त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टीमने खरेदीच्या वेळी अशी सूचना दाखवायला सुरुवात केली.

मग मधला मार्ग आहे का?

आहे, आणि काही कंपन्या तो वापरतातही. 'डूम' हा गेम मे २०१६ मध्ये आला आणि त्यातलं डेनुव्हो डिसेंबरमध्ये काढलं गेलं. 'रेझिडेंट इव्हिल व्हिलेज'मधूनही एप्रिल २०२३ मध्ये ते निघालं. पहिले तीन महिने कुलूप, नंतर नाही, असा नियम झाला तर कंपनीची कमाईही वाचते आणि दहा वर्षांनी गेम चालेल का, ही ग्राहकाची काळजीही मिटते. अडचण एवढीच की हे कंपनीच्या मर्जीवर आहे. कुलूप कधी निघणार, हे गेम विकताना कुणी लिहून देत नाही.

तोवर गेम घेणाऱ्याच्या हातात एक गोष्ट आहे. स्टीमवर गेमच्या पानावर डेनुव्होसारखं बाहेरचं डीआरएम असेल तर तशी नोंद असते. ती वाचायला दहा सेकंद लागतात. गेम आत्ताच हवा असेल तर घ्यावा, घाई नसेल तर कुलूप निघेपर्यंत थांबावं. तोवर बहुतेकदा सेलही लागलेला असतो.