धूर कोणाचा? १८५३चा लंडनचा कायदा आणि दोन कादंबऱ्या

व्हिक्टोरियाकालीन लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण काठावरील सदर्क आणि लॅम्बेथ या भागांत बिअरचे कारखाने, काचकारखाने आणि मातीची भांडी भाजण्याच्या भट्ट्या दाटीने वसलेल्या होत्या. औद्योगिक भट्ट्यांच्या धुराला आळा घालण्यासाठी पामर्स्टन गृहमंत्री असताना १८५३मध्ये महानगरापुरता धूर-कायदा झाला. त्याची भाषा साहित्याच्या अभ्यासकानेही पाहावी अशी आहे.

भट्टीने आपला धूर स्वतःच ‘जाळून टाकावा’, अशी कायद्याची अपेक्षा होती. ही अपेक्षा अशास्त्रीय नव्हती. धूर म्हणजे मुख्यतः अर्धवट जळालेले इंधन. तापलेल्या कोळशातून निघणाऱ्या वायूंना पुरेशी हवा आणि उष्णता मिळाली नाही, की त्यांतील कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो. कोळसा एकदम ओतला तर धूर वाढतो. थोडा थोडा पसरून टाकला तर कमी होतो. जॉन ज्यूक्सने १८४१मध्ये पेटंट घेतलेली सरकती जाळी हेच काम यंत्राकडून करून घेत असे.

परंतु ‘धूर जाळणे’ म्हणजे प्रत्येक वेळी ‘सर्व धूर जाळणे’ नव्हे, असा खुलासाही कायद्यानेच केला. शक्य तेवढा उपाय केल्याचे दिसल्यास दंड माफ होऊ शकत असे. पहिल्या गुन्ह्यास दोन ते पाच पौंड दंड होता. तो मालकास होई, तसाच मुकादमास किंवा नोकरासही होऊ शके. घरगुती चुली या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिल्या.

याच काळात डिकन्सच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या साप्ताहिकात त्याची ‘हार्ड टाइम्स’ (१८५४) आणि तिच्यापाठोपाठ एलिझाबेथ गॅस्केलची ‘नॉर्थ अँड साउथ’ (१८५४-५५) क्रमशः प्रसिद्ध झाली. दोहोंची पार्श्वभूमी उत्तरेकडील गिरणगावांची असली, तरी वाद तोच आहे. डिकन्सचा बाउंडरबी धूर आरोग्यदायी असल्याचे बेधडक सांगतो. गॅस्केलचा थॉर्नटन मात्र कायद्याची वाट न पाहता धुराडी सुधारतो आणि त्यामुळे कोळसाही वाचल्याचे नमूद करतो. एकाला धूर भूषण वाटतो; दुसऱ्याला तो अपव्यय वाटतो.

तथापि दोन्ही ठिकाणी बोलतो तो मालक. स्टीफन ब्लॅकपूल मागावरचा आणि हिगिन्सही गिरणीतलाच. ज्याच्या फावड्यावर धूर अवलंबून असे आणि ज्याला दंडही होऊ शके, तो भट्टीपुढचा कामगार कोणत्याही कादंबरीच्या केंद्रस्थानी नाही. कायद्याने त्याला जबाबदार धरले. कादंबरीने त्याला वाणी दिली नाही.

तौलनिक अभ्यासास येथून पुढे वाट आहे. कलकत्ता व हावड्यासाठी १८६३मध्ये आणि मुंबईसाठी १९१२मध्ये धूर-कायदे झाले. मुंबईच्या गिरणगावाचे चित्रण करणाऱ्या मामा वरेरकरांच्या कादंबरीचे नावही ‘धावता धोटा’ असे, म्हणजे मागावरूनच घेतलेले आहे. भट्टीपुढच्या माणसाचा शोध मराठीतही घ्यावयास हवा.