गेम अडकतो, पण झोप कुणाची जाते?

संध्याकाळी सातनंतर वस्तीतल्या कुठल्याही गल्लीत 'लॅग होतंय', 'पिंग वाढला', 'नेटने मारलं' हे शब्द कानावर पडतात. फ्री फायर मॅक्स, बीजीएमआय असे खेळ मुले एकत्र खेळतात. गट चौघांचा, पण प्रत्येक जण आपापल्या घरात. खेळ मध्येच अडकतो, मुलगा चिडतो, आईला उलट बोलतो. घरचे म्हणतात, पोराला वेड लागले. आरोग्याच्या कामासाठी घरोघरी फिरताना ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. मुलाला रागावण्याआधी नेट का अडकते आणि त्याचा भार शरीरावर कसा पडतो, हे समजून घेऊ.

पिंग म्हणजे काय?

मुलाने बटण दाबले की तो निरोप मोबाईलवरून टॉवरला, तिथून खेळाच्या कंपनीच्या संगणकाला जातो आणि उत्तर परत येते. या जाण्या-येण्याला लागणारा वेळ म्हणजे पिंग. तो मिलिसेकंदात मोजतात. एका सेकंदात १००० मिलिसेकंद. पिंग ५०च्या आसपास असला तर खेळ सुरळीत चालतो. २००च्या पुढे गेला की समोरचा खेळाडू पडद्यावर एका जागी दिसतो आणि प्रत्यक्षात दुसरीकडे पोचलेला असतो. नेम बरोबर धरूनही गोळी लागत नाही. आपली चूक नसताना हरलो, हे मुलाला कळते. म्हणून राग जास्त येतो.

अशा वेळी मुले मोठ्या पॅकसाठी हट्ट करतात. पण या खेळांना डेटा फार लागत नाही, व्हिडिओ पाहण्यापेक्षा खूप कमी लागतो. मात्र तो न अडखळता यावा लागतो. टॉवर म्हणजे वस्तीचा सार्वजनिक नळ समजा. संध्याकाळी सगळे कामावरून परततात, प्रत्येक घरात मोबाईल उघडतो, नळावर गर्दी होते. तुमचा हंडा मोठा असला म्हणून नंबर लवकर लागत नाही. त्यात पत्र्याच्या भिंती आणि छप्पर सिग्नल अडवतात.

रात्री बारानंतर गर्दी ओसरते, नेट पळू लागते. मूल रात्री जागते यात खेळाचा नाद असतोच, पण त्या वेळी नळाला पाणी असते हेही कारण आहे.

शरीरावर काय होते?

१३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. रात्री दोनला झोपून साडेसहाला शाळेसाठी उठणाऱ्याला साडेचार तासच मिळतात. दिवसभर शिकलेले डोक्यात पक्के बसते ते झोपेत. वाढीसाठी लागणारे संप्रेरकही गाढ झोपेत जास्त तयार होते. झोप तुटली की चिडचिड वाढते, वर्गात लक्ष लागत नाही. मग तेच मूल खेळ अडकल्यावर आणखी लवकर भडकते.

खेळ अडकत असताना शरीर ताणलेले राहते. छातीची धडधड वाढते, पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात, मान आणि अंगठे दुखतात. शिवाय दहा बाय दहाच्या खोलीत एकाचा खेळ एकापुरता राहत नाही. पडद्याचा उजेड आणि ओरडण्याने पाचला कामाला निघणारी आई जागी होते, रक्तदाब असलेल्या आजीची झोप मोडते.

घरात काय करता येईल?

पहिले, संध्याकाळचे नेट सुधारा. व्हॉट्सॲपवर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणे बंद करा. ॲप अपडेट दुपारी करा. खेळताना त्याच हॉटस्पॉटवर दुसऱ्याने व्हिडिओ पाहू नये. खिडकीजवळ किंवा दाराशी बसल्यास सिग्नल बरा मिळतो. पिंगचा आकडा कमी दिसत असूनही खेळ अडकत असेल, तर दोष मोबाईलचा आहे. तो तापलेला असेल किंवा जागा भरलेली असेल.

दुसरे, वेळ ठरवा. रात्री दहानंतर मोबाईल मोठ्यांकडे. पण चालू खेळातून तो हिसकावू नका. मधेच सोडले तर सगळा गट हरतो आणि भांडण पेटते. एक डाव अर्धा तासही चालतो. म्हणून साडेनऊलाच सांगा, 'आता हा शेवटचा.'

तिसरे, नेट नसतानाचे खेळ शोधा. लुडो किंग एकाच मोबाईलवर आळीपाळीने खेळता येतो. मिनी मिलिशिया जवळ बसलेली मुले हॉटस्पॉट जोडून इंटरनेटशिवाय खेळू शकतात. बुद्धिबळात तर पाच सेकंद उशीर झाला तरी बिघडत नाही.

चौथे, दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर पाहावे. खोलीत तेवढे अंतर नसते, म्हणून दारात येऊन गल्लीच्या टोकाकडे पाहावे. चार्जिंगला लावून खेळू नये. सिग्नल कमजोर असला की मोबाईल आधीच जास्त तापतो. गोधडीत किंवा उशीखाली चार्जिंग तर मुळीच नको.

पाचवे, 'पिंग कमी करतो', 'स्वस्तात डायमंड देतो' असे सांगणाऱ्या अनोळखी ॲप आणि लिंकपासून सावध राहा. त्याच मोबाईलवर घरचे बँक खाते जोडलेले असते. पैसे गेले तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

काळजी कधी करावी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत खेळाच्या विकाराची नोंद आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, जेवण-अभ्यास-नात्यांपेक्षा खेळ मोठा होणे, नुकसान दिसूनही न थांबणे आणि हे साधारण वर्षभर चालणे, ही त्याची लक्षणे. नेट अडकल्यावर चिडणे म्हणजे हा आजार नव्हे. पण मूल शाळा सोडू लागले, जेवेनासे झाले, मोबाईल घेतल्यावर स्वतःला इजा करण्याचे बोलू लागले, तर वर्षभर वाट पाहू नका. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येते. सरकारी रुग्णालयातही दाखवा.

टॉवरवरची गर्दी आपल्या हातात नाही, पण रात्री दहाची वेळ आहे. ती आई-वडिलांनीही पाळावी. मोठ्यांच्या हातात बारापर्यंत रील्स चालू असतील, तर मुलाला सांगायला तोंड कुठले?