शेवटच्या पाच सेकंदांचा हिशोब

सेकंड इयरला असताना आमच्या ग्रुपमधला एक जण जवळजवळ सगळं सेमिस्टर कॉलेजला आला नाही. मामाच्या गावाहून रात्री बाइकवर परत येताना हायवेच्या कडेला उभ्या असलेल्या कंटेनरला तो मागून धडकला. मांडीत रॉड, डोक्याला मार, आणि त्या रात्रीची आठवण पूर्ण पुसलेली. पेट्रोल भरलं इतकं आठवतं, त्यानंतर थेट हॉस्पिटलचा पंखा.

काही आठवड्यांनी त्याच्या बाबांनी एफआयआरची कॉपी दाखवली. त्यातलं एक वाक्य आमच्या सगळ्यांच्या डोक्यात बसलं. ‘आपले ताब्यातील मोटारसायकल हयगयीने, अविचाराने, रस्त्याचे परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, भरधाव वेगात चालवून...’ भरधाव म्हणजे किती? चाळीस, साठ, शंभर? ते कोणी मोजलं? कंटेनरचे मागचे दिवे लागलेले होते का? ड्रायव्हर म्हणाला, होते. आमच्या मित्राला विचारून उपयोग नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कंटेनर पुढच्या गावाला निघून गेला होता.

पुढे इंजिनीअरिंगच्या एका गेस्ट लेक्चरमध्ये ‘फॉरेन्सिक इंजिनीअरिंग’ हा शब्द ऐकला, तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे सगळे प्रश्न मोजता येतात. खरंच मोजता येतात.

सुरुवात तुमच्या-माझ्या बारावीच्या फिजिक्सपासूनच होते. चाकं लॉक होऊन गाडी घसटत गेली की रस्त्यावर काळे पट्टे उमटतात. समजा पट्टा ३० मीटरचा आहे आणि कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.७ धरला, तर वेगाचा वर्ग म्हणजे दोन गुणिले गुणांक गुणिले गुरुत्वीय त्वरण गुणिले अंतर. उत्तर येतं ताशी सुमारे ७३ किलोमीटर, तेही गाडी पट्ट्याच्या शेवटी आपोआप थांबली असेल तर. ती कशावर तरी आदळून थांबली असेल, तर खरा वेग याहून जास्त. बाइकचं पुढचं चाक धडकेत मागे सरकतं, दोन चाकांमधलं अंतर कमी होतं. ते किती कमी झालं, यावरूनही वेगाचा अंदाज बांधतात.

दिव्यांचं तर मला सगळ्यात भारी वाटलं. जुन्या पद्धतीच्या बल्बमधली तार पेटलेली असते तेव्हा ती तापून मऊ झालेली असते. जवळच जोरदार धडक बसली की ती ताणली जाते, वेडीवाकडी होते. दिवा बंद असेल तर तार थंड आणि ठिसूळ असते, ती एकतर तशीच राहते नाहीतर कट्‌कन तुटते. म्हणजे कंटेनरचा मागचा बल्ब काढून भिंगाखाली धरला असता, तर ड्रायव्हर खरं बोलतोय का याचं निदान एक उत्तर मिळालं असतं. (एलईडीने ही सोय संपवली, ते वेगळं.)

आता एका अशा अपघाताकडे येऊ, जो तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. ४ सप्टेंबर २०२२, रविवार. उद्योगपती सायरस मिस्त्री उदवाड्याहून मुंबईला येत होते. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर त्यांची मर्सिडीज दुभाजकाच्या काँक्रीटवर आदळली. गाडीत चौघं होते. मागच्या सीटवरचे मिस्त्री आणि त्यांचे मित्र गेले, पुढचे दोघं गंभीर जखमी झाले पण वाचले. मागच्या दोघांनी सीट बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं.

पहिल्या दिवशीची बातमी होती ती सीसीटीव्हीची. आधीच्या चेकपोस्टवर गाडी दिसली आणि तिथून २० किलोमीटर तिने ९ मिनिटांत कापले. भागाकार करा, सरासरी येते ताशी १३३. झालं, सोशल मीडियावर निकाल लागला. ‘स्पीड.’ पण ही झाली २० किलोमीटरची सरासरी. आदळताना वेग किती होता, हे ती सांगत नाही. ते सांगितलं गाडीतल्या डेटाने.

आजच्या बऱ्याच गाड्यांमध्ये एअरबॅगचा निर्णय घेणारा जो छोटा कंट्रोल युनिट असतो, तो धडकेच्या आधीचे काही सेकंद स्वतःकडे साठवून ठेवतो. वेग, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, बेल्ट वगैरे. विमानाच्या ब्लॅक बॉक्सचा धाकटा भाऊ म्हणा. मिस्त्रींच्या गाडीच्या डेटावरून कळलं की धडकेच्या पाच सेकंद आधी ब्रेक दाबला गेला, तेव्हा वेग ताशी १०० होता आणि आदळताना ८९. आता वहीवर हिशोब मांडा. या पाच सेकंदांत गाडी सुमारे १३० मीटर पुढे गेली, म्हणजे क्रिकेटच्या साडेसहा पिच. तेवढ्यात वेग कमी झाला फक्त ११ ने. कोरड्या रस्त्यावर पूर्ण ताकदीने पाच सेकंद ब्रेक लावला तर ताशी १०० ची गाडी जवळपास थांबते. मग इथे काय झालं? धोका दिसला कधी? दिसला तेव्हा बाजूला जायला जागा होती का?

या प्रश्नांनी तपास गाडीतून रस्त्यावर येतो. त्या पुलाजवळ तीन लेनचा रस्ता दोन लेनचा होतो, आणि पुलाचा काँक्रीटचा कठडा गाडीच्या वाटेत पुढे आलेला होता. अपघातानंतर रस्ता तपासणाऱ्या तज्ज्ञांनी यावर बोट ठेवलं. म्हणजे एकाच अपघातात तीन गोष्टी सापडल्या. वेग, न लावलेला बेल्ट आणि चुकीच्या जागी असलेली भिंत. यातली एकही दुसरीला माफ करत नाही. ‘चूक कोणाची’ या प्रश्नाला आपल्याला एकच नाव हवं असतं. फॉरेन्सिक इंजिनीअर विचारतो, कुठल्या सेकंदाला काय झालं आणि कोणाला नेमकं कशामुळे लागलं.

हे ‘कशामुळे लागलं’ प्रकरण मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवतं. कारण एका अपघातात टकरी तीन असतात. पहिली गाडीची, भिंतीशी. दुसरी शरीराची, गाडीच्या आतल्या भागाशी. तिसरी शरीराच्या आत, मेंदूची कवटीशी, हृदयाची छातीच्या पिंजऱ्याशी. गाडी थांबली तरी बेल्ट न लावलेला माणूस ताशी ८९ नेच पुढे जात असतो. हा वेग म्हणजे साधारण ३१ मीटरवरून, दहाव्या मजल्यावरून खाली पडल्यावर जमिनीजवळ येणारा वेग. बेल्ट काय करतो, तर माणसाला गाडीसोबत थांबवतो. बॉनेट चुरगळायला जो वेळ लागतो, तो वेळ माणसालाही मिळतो. सेकंदाचा दहावा हिस्सा, पण शरीराला तेवढाही खूप असतो. ‘मागे बसलोय, मला कशाला बेल्ट’ म्हणणारा तर पुढच्या सीटवर मागून आदळणारं वजन होतो.

या विषयाची सुरुवात ज्याने केली त्या ह्यू डीहेवनची गोष्ट कॉलेजात कोणी सांगत नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, विमानाचं ट्रेनिंग घेताना हवेतच टक्कर होऊन तो खाली कोसळला आणि वाचला. पोटातली दुखापत विमानापेक्षा स्वतःच्या बेल्टच्या बकलने झाली, हे त्याच्या लक्षात आलं. मग तो वर्तमानपत्रांतून उंचावरून पडूनही वाचलेल्या माणसांच्या बातम्या शोधत बसला. कोण कशावर पडलं, पडताना अंग कसं होतं, ती वस्तू किती दबली. ५० ते १५० फुटांवरून पडूनही जिवंत राहिलेल्यांवर त्याने १९४२ मध्ये शोधनिबंध लिहिला. त्याचं म्हणणं एवढंच होतं की माणूस पडल्याने मरत नाही, थांबण्याच्या पद्धतीने मरतो. पुढे १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिनने खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा आजचा तीन टोकांचा बेल्ट आणला, तो याच विचाराच्या वाटेवरचा.

जखमा साक्ष देतात, हे डॉक्टरांना फार आधीपासून माहीत होतं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून त्याच्या अंगावर बेल्टचा चट्टा उजव्या खांद्यापासून डाव्या कंबरेकडे जातो. शेजारच्याचा उलटा. खिडकीची काच फुटली की तिचे बारीक चौकोनी तुकडे होतात, त्यांचे ओरखडे ड्रायव्हरच्या उजव्या गालावर येतात. ‘गाडी मी चालवतच नव्हतो’ हे वाक्य आपल्याकडे नवीन नाही. २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या पोर्श अपघातानंतरही गाडी घरचा ड्रायव्हर चालवत होता असं भासवायचा प्रयत्न झाला, असं पोलिसांनी सांगितलं होतं. अशा वेळी गालावरचे ओरखडे माणसापेक्षा सरळ बोलतात.

रस्ता ओलांडणाऱ्याला गाडीने उडवलं तर त्याच्या पायाचं हाड बघतात. बऱ्याचदा हाडाचा त्रिकोणी तुकडा पडतो आणि त्या त्रिकोणाचा पाया धडक ज्या बाजूने बसली तिकडे असतो. हाड किती उंचीवर मोडलं यालाही अर्थ आहे. जोरात ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली वाकतं, त्यामुळे बंपर खालच्या बाजूला लागतो. म्हणजे ‘मी ब्रेक मारला होता’ हे खरं का खोटं, ते नडगीवरून तपासता येतं. वाचताना अंगावर काटा येतो, मान्य आहे. पण गेलेल्या माणसाच्या बाजूने बोलायला दुसरं कोण असतं?

आता थोडा राग येण्यासारखा भाग. २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली, हा केंद्र सरकारचाच आकडा. त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवरचे. याच अहवालात ७१ टक्के मृत्यूंचं कारण ‘अतिवेग’ दिलंय. वेग मारतो यात शंका नाही. पण यातल्या किती ठिकाणी टेप घेऊन पट्टा मोजला गेला असेल? काचा झाडल्या जातात, क्रेन येते, ट्रॅफिक सुरू होतं, आणि ते बरोबरही आहे, अँब्युलन्सला वाट हवीच. फक्त त्याआधीची वीस मिनिटं कोणी नीट फोटो आणि मापं घेतली, तर पुढची दहा वर्षं कोर्टात अंदाज लढवावे लागणार नाहीत.

कायद्यातही एक फट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक करायचं ठरलंय. निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला जास्तीत जास्त शिक्षा आहे पाच वर्षं. म्हणजे रोजचे अपघात या नियमाच्या बाहेरच. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने रस्ता बांधणाऱ्यालाही जबाबदार धरायची तरतूद आली, दंड एक लाखापर्यंत. पण रस्त्याची चूक दाखवायला आधी रस्ता मोजावा लागतो ना.

मोजलं की काय होतं, याचं उदाहरण लांब नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर २०१६ मध्ये १५१ जण गेले होते. एमएसआरडीसी, हायवे पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी मिळून एकेका जीवघेण्या अपघाताची जागा तपासली. कठड्याची उघडी टोकं, कडेला उभे ट्रक, रस्त्यालगतचे काँक्रीटचे अडथळे अशा गोष्टी हातात घेतल्या. २०१९ मध्ये आकडा ९२ वर आला. अजूनही ९२, हे विसरू नका, पण ५९ माणसांचा फरक कमी नाही.

यात करिअर आहे का, असं विचाराल. आहे, फक्त सरळ बोर्ड लावलेलं दार नाही. मेकॅनिकल, सिव्हिल, फिजिक्स, मेडिकल अशा कुठूनही येता येतं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी फॉरेन्सिक सायन्सच्या संस्था आहेत. गांधीनगरच्या नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीचा कॅम्पस गोव्यात आहे. पुण्यात एआरएआय आणि भोसरीची सीआयआरटी गाड्यांच्या सुरक्षिततेवर काम करतात. आणि कोईमतूरची एक टीम प्रत्यक्ष अपघाताच्या जागी जाऊन मापं घेत ‘रासी’ नावाचा डेटाबेस बनवते. ऑफिसमध्ये बसून सॉफ्टवेअरवर टक्कर पुन्हा घडवून बघता येते, पण त्यात भरायचा पहिला आकडा रस्त्यावर वाकूनच घ्यावा लागतो.

आमच्या मित्राचा दावा अजून मोटार अपघात न्यायाधिकरणात चालू आहे. तिथे हिशोब टक्क्यांत असतो. जखमीचीही चूक आहे असं ठरलं, तर तेवढे टक्के भरपाईतून कापले जातात. समोरच्या वकिलांचे मुद्दे दोन, भरधाव वेग आणि हेल्मेट नव्हतं. पंचनाम्यात हेल्मेटचा उल्लेखच नाही. बाइक भंगारात गेली, त्यामुळे चाक किती मागे सरकलं होतं ते आता कोणी सांगू शकणार नाही. बल्बचं तर सोडाच.

पण हेल्मेट आहे. हॉस्पिटलने कपड्यांच्या पिशवीत परत दिलं होतं. मागच्या महिन्यात त्याच्या घरी गेलो तेव्हा काकांनी ते माळ्यावरून काढून दाखवलं. डाव्या बाजूला आतलं थर्माकोल अंगठा बसेल इतकं दबलंय. ते एकदा दबलं की परत फुगत नाही. बकल अजून लॉक आहे, आणि पट्टा फाटलाय तो रिवेटपाशी. हेल्मेट नुसतं हँडलला लटकवलेलं असतं तर बकल लावून पट्टा फाटला नसता, एवढं मलाही कळलं. मी बकलला हात लावायला गेलो तर काका म्हणाले, ‘‘थांब, ते उघडू नकोस. तसंच दाखवायचंय.’’