अर्थव्यवहाराचे इंग्रजी शब्द : मुरुमच्या पेठेस एक सूचना

जो कागद आपणांस समजला नाही त्यावर सही करणे म्हणजे दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे होय. ओंजळ धरणारा भला असेल तर तहान भागते. तो भला नसेल तर घोट कोठे जातो हे पिणाऱ्यास कळतही नाही. मुरुमसारख्या पेठेत हा प्रकार आज सर्रास चालतो, म्हणून या विषयावर चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

मुरुमच्या बाजारात तूर, उडीद, हरभरा व सोयाबीन यांची आडत चालते. गावी साखर कारखाना आहे, नगरपरिषद आहे, महाविद्यालय आहे. येथील व्यापारी तोंडी हिशेबात कोणास हार जाणारा नव्हे. पट्टी, हमाली, तोलाई, कसर यांची आकडेमोड तो बोलता बोलता करतो. परंतु तोच गृहस्थ कर्जाच्या कागदापुढे बसला म्हणजे त्याची जीभ अडखळते. कॅश क्रेडिट, हायपोथिकेशन, गॅरंटर, फ्लॅट रेट, नॉमिनी, टर्नओव्हर हे शब्द त्याने शंभर वेळा ऐकलेले असतात. तो ते उच्चारतोही. पण शब्द तोंडी बसणे निराळे आणि त्याचा अर्थ उमजणे निराळे. समोरचा कारकून बोटाने जागा दाखवितो, आणि सही होऊन जाते.

कागदाची भाषा परकी असणे ही गोष्ट या भागास नवीन नाही. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, तोपर्यंत येथील दरबाराची भाषा उर्दू होती. घरात मराठी, सीमेपलीकडच्या गिऱ्हाइकाशी कानडी आणि कचेरीत उर्दू अशी त्रिस्थळी यात्रा आमच्या आजोबा-पणजोबांनी जन्मभर केली. नाणेही निराळे होते. संस्थानात हाली शिक्का, तर शेजारच्या सोलापुरात कलदार रुपया. सात हाली म्हणजे सहा कलदार असा भाव धरून बट्टा काढावा लागे. विद्यापीठातील विद्यार्थी ज्यास विनिमयाचा दर म्हणून पुस्तकातून शिकतो, ते गणित या भागातील दुकानदार गादीवर बसून करीत असे. हाली शिक्का १९५९ पर्यंत टिकला व मग गेला. १९४१ साली स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक १९५६ मध्ये स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. दरबार गेले, नाणी गेली, पाट्या बदलल्या. परंतु कागदाची भाषा एक आणि सही करणाऱ्याची भाषा दुसरी, ही जुनी अवस्था मात्र पुष्कळ अंशी कायम राहिली. उर्दूच्या जागी इंग्रजी आली इतकाच काय तो भेद.

या अवस्थेचे फळ काय होते हे महाराष्ट्राने एकदा पाहिलेले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा जो दंगा उसळला, त्यात जमावाचा मुख्य रोख सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकावून त्यांची होळी करण्यात आली. जे वाचता येत नाही, ज्यात काय लिहिले आहे हे ठाऊक नाही, आणि तरीही ज्याच्या जोरावर आपली जमीन जाते, त्या कागदाविषयीचा तो राग होता. पुढे १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा झाला. शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, मागणी केल्यास त्यास पावती व पासबुक मिळावे, अशा तरतुदी त्यात होत्या. उपाय कोणता योजला पाहा : कर्ज बंद करण्याचा नव्हे, कागद उजेडात आणण्याचा. १८८३ साली महात्मा फुले यांनी लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचाही रोख, विद्या नसल्यामुळे कुणबी कसा नागविला जातो, याकडेच होता.

आता आजच्या कागदाकडे वळू. समजा, एका गृहस्थाने दुकानासाठी एक लक्ष रुपये दोन वर्षांच्या मुदतीने घेतले, आणि व्याज शेकडा १२ फ्लॅट असे ठरले. तो मनात म्हणतो, बारा टक्के म्हणजे रुपया शेकड्याचे व्याज, ठीक आहे. फ्लॅट या शब्दाचा अर्थ असा की, मुद्दल फिटत गेले तरी व्याज अखेरपर्यंत मूळच्या पूर्ण लाखावरच आकारावयाचे. दोन वर्षांचे व्याज २४,००० रुपये व मासिक हप्ता सुमारे ५,१६७ रुपये होतो. हेच कर्ज त्याच बारा टक्क्यांनी, पण घटत्या शिलकेवर घेतले असते, तर हप्ता सुमारे ४,७०७ रुपये व एकूण व्याज सुमारे १३,००० रुपये झाले असते. दर एकच, मुदत एकच; एका शब्दाने सुमारे ११,००० रुपयांचा फरक पाडला. त्या फ्लॅट बाराचा खरा वार्षिक दर काढला तर तो साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. एका शब्दाचे हे मोल आहे!

दुसरा शब्द गॅरंटर. शेजारधर्म म्हणून, पाहुण्याच्या भिडेखातर, किंवा नुसत्या चहाच्या पेल्यावर आपल्याकडे माणसे गॅरंटर होतात. आपण फक्त ओळख पटविली अशी त्यांची समजूत असते. मराठीत त्यास जामीनदार म्हणतात. आणि १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे, करारात निराळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असे म्हणण्याची सोय त्यास सहसा नसते. को-ॲप्लिकंट हा शब्द तर त्याहून पुढचा. पतीच्या कर्जावर पत्नीची सही घेताना तो शब्द सहज सांगितला जातो. त्याचा अर्थ सहकर्जदार, म्हणजे ती बाई स्वतः कर्जदार झाली. घरातील बायांस व्यवहार काय सांगावयाचा असे म्हणणारे पुरुष त्यांची सही मात्र बिनदिक्कत घेतात, हा न्याय आम्हांस समजत नाही. जिची सही, तिला अर्थ कळलाच पाहिजे.

तिसरा शब्द नॉमिनी. बँकेतील ठेवीस ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लावले तो त्या रकमेचा मालक झाला, असा समज घरोघर आहे व त्यापायी भाऊबंदकी माजते. वस्तुतः नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा विश्वस्त होय; मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. चौथा शब्द टर्नओव्हर. त्याचा अर्थ उलाढाल, नफा नव्हे. मालाच्या विक्रीवर वस्तू व सेवा कराच्या नोंदणीसाठी महाराष्ट्रात साधारणतः ४० लाख रुपयांची जी मर्यादा आहे ती उलाढालीची आहे. आपणांस सुटते तरी किती, असे म्हणून जो स्वस्थ बसतो, त्यास पुढे नोटिशीने जाग येते.

पाचवा शब्द लिमिटेड. तो तर आपल्या सहकारी संस्थांच्या पाटीवर मराठीतच, ‘मर्यादित’ म्हणून, लिहिलेला असतो. काय मर्यादित आहे? सभासदाची जबाबदारी मर्यादित आहे. आपल्या भागापलीकडे संस्थेच्या देण्यास तो सामान्यतः बांधील नाही. ठेवीदारांनी त्यातून सुरक्षिततेचा अर्थ काढू नये. बँकेतील ठेवीस प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीस ते नाही. बँक आणि पतसंस्था या दोन शब्दांतील हे अंतर ठेव ठेवण्यापूर्वी कळले तर उपयोग. नंतर कळले तर ती केवळ हळहळ.

येथे कोणी विचारील की, इंग्रजी शब्द शिकावेत असे सांगता, तर आमची मराठी काय दुबळी आहे? आमचे उत्तर असे की, ती मुळीच दुबळी नाही, आणि म्हणूनच हे शिक्षण सोपे आहे. हायपोथिकेशन या जबडातोड शब्दास मराठीत नजरगहाण असा नेमका शब्द आहे : माल कर्जदाराच्या ताब्यात, पण धनकोची नजर त्यावर. हा एक शब्द उच्चारताच गुदामातील माल परस्पर विकून पैसा दुसरीकडे का वळविता येत नाही, हे आपोआप समजते. बॅलन्स या एकाच इंग्रजी शब्दास आपल्याकडे शिल्लक व बाकी असे दोन शब्द आहेत. एक हाती असलेली, दुसरी अंगावर असलेली. ज्या इंग्रजी कागदावर बॅलन्स लिहिले आहे, तेथे शिल्लक की बाकी, हा प्रश्न मराठी माणसानेच प्रथम विचारावा. किमान आधारभूत किंमत या लांबलचक संज्ञेपेक्षा हमीभाव हा शब्द बांधावरच्या शेतकऱ्यासही कळतो. हिशेब, वसूल, बाकी, जामीन, नफा, रक्कम हे आज आपण घरचे मानतो ते सारे शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. आपण ते पचविले, कारण त्यांचा अर्थ आपण हाताळला.

पूर्वसुरींनीही हाच मार्ग दाखविला आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, तो राज्याचा व्यवहार आपल्या शब्दांत यावा म्हणून. लोकहितवादींनी १८४९ साली ‘लक्ष्मीज्ञान’ लिहून संपत्तीचे शास्त्र मराठीत आणले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८५५ साली ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ प्रसिद्ध केली. आणि डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ साली लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध करून, चलनाच्या शास्त्रात राज्यकर्त्यांस त्यांच्याच भाषेत जाब विचारला. इंग्रजी शब्द शिकण्याचा हेतू साहेबी थाट मिरविणे हा नसून, जाब विचारता येणे हा होय.

दुसरा आक्षेप असा येईल की, आमचा मुलगा इंग्रजी शाळेत जातो, तो वाचील; किंवा आमचे हिशेबनीस आहेत, ते पाहतील. मुलगा इंग्रजी कविता म्हणत असेल. त्याने रोखा कधी पाहिला आहे काय? आणि हिशेबनिसाचा सल्ला अवश्य घ्यावा, परंतु सही त्याची नसते, तुमची असते. वसुलीचा माणूस ज्या दारी येतो त्या दाराच्या धन्यानेच शब्दाचा अर्थ जाणला पाहिजे.

या कामी कायद्याचेही पाठबळ आता आहे. रिझर्व्ह बँकेच्या आज्ञेप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून, तिच्या नियंत्रणाखालील बँका व वित्तकंपन्या यांनी व्यक्तींस व लघुउद्योगांस नवे मुदतकर्ज देताना, कर्जाच्या मुख्य बाबींचे विवरणपत्र दिले पाहिजे. ते कर्जदारास समजणाऱ्या भाषेत असावे, त्याला समजावून सांगावे व समजल्याची पोच घ्यावी, असा नियम आहे. व्याज व आकार मिळून कर्ज वर्षाला खरोखर किती टक्क्यांस पडते तो दर त्यात लिहावा लागतो. वर सांगितलेल्या फ्लॅट बाराचे खरे रूप तेथे उघडे पडते. त्या पत्रात नसलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून लावता येत नाही. मराठीत विवरणपत्र द्या, असे म्हणण्यास कोणी लाजू नये. तो उपकार नव्हे, हक्क आहे. परंतु हक्क असून मागितला नाही तर तो कागदावरच राहतो; आणि मागावयाचा तर काय मागावयाचे, याचे ज्ञान हवे.

यास्तव आमची सूचना अगदी साधी आहे. आठवड्यातून एक दिवस, पेठ बंद झाल्यावर, एक तासाचा वर्ग मुरुमात चालू करावा. महाविद्यालयातील वाणिज्य विषयाच्या अध्यापकांनी व निवृत्त बँक-नोकरांनी तो चालवावा. व्यापारी, आडते, शेतकरी व बचतगटांच्या भगिनी यांनी एकत्र बसून शिकावे. पुस्तक नको, प्रत्येकाने आपले पासबुक, विम्याचा कागद, कर्जाचा करार घेऊन यावे, आणि एका वहीत तीन रकाने आखावेत. पहिल्यात इंग्रजी शब्द जसा ऐकू येतो तसा देवनागरीत, दुसऱ्यात त्याचा मराठी प्रतिशब्द, आणि तिसऱ्यात त्या शब्दाने आपल्या खिशावर काय परिणाम होतो ते. आठवड्यास पाच शब्द म्हटले तरी तीन महिन्यांत साठ होतात, आणि सामान्य माणसाच्या नित्याच्या व्यवहारास साठ शब्द पुष्कळ झाले. तिसरा रकाना जोवर भरला नाही, तोवर शब्द आला असे कोणी समजू नये.

यास मोठा खर्च नाही, कोणाच्या मंजुरीची वाट पाहणे नाही. हवी आहे ती एक खोली, एक फळा आणि अर्थ न कळता सही करणार नाही असा निश्चय. सात हालीचे सहा कलदार तोंडपाठ मोजणाऱ्या व्यापाऱ्यांच्या नातवंडांस हे अवघड जावे असे आम्हांस वाटत नाही. पुढच्या वेळी कोणी बोटाने सहीची जागा दाखविली, तर मुरुमकरांनी आपले बोट त्या कागदावरील एका शब्दावर ठेवून एवढेच विचारावे : याचा अर्थ काय?