‘डिसग्रंटल्ड’ : साचलेल्या नाराजीचा इंग्रजी शब्द
‘डिसग्रंटल्ड’ या इंग्रजी विशेषणाचा अर्थ केवळ ‘असमाधानी’ असा लावला, तर वाक्य व्याकरणाने शुद्ध राहूनही नेमकेपणाला मुकते, कारण अपेक्षाभंगातून आलेली आणि मनात धुमसत राहणारी नाराजी त्यात अभिप्रेत असते. चहा अगोड झाला म्हणून कोणी ‘डिसग्रंटल्ड’ होत नाही, तिथे ‘डिससॅटिसफाइड’ पुरतो; वारंवार बढती नाकारली गेलेला कर्मचारी किंवा निवडणुकीचे तिकीट न मिळालेला कार्यकर्ता मात्र तसा होतो. (वृत्तपत्री इंग्रजीत ‘डिसग्रंटल्ड एम्प्लॉई’ ही जोडी तर वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे.) हे विशेषण माणसांना लागते, न भागलेली मागणी किंवा जिज्ञासा ‘अनसॅटिसफाइड’ असते. नाराजीचे कारण ‘विथ’, ‘अ‍ॅट’ किंवा ‘ओव्हर’ या शब्दयोगी अव्ययांनी जोडले जाते. मराठीत माणूस कोणावर तरी नाराज होत असल्याने मराठी भाषकाच्या लेखणीतून ‘ऑन’ सहज उतरतो, पण तो इथे चालत नाही.

सतराव्या शतकापासून आढळणाऱ्या या शब्दाचे मूळ मोठे गमतीदार आहे. ‘ग्रंटल’ म्हणजे डुकरासारखे पुन्हापुन्हा घुरघुरणे, आणि त्याआधी लागलेला ‘डिस’ हा उपसर्ग नेहमीप्रमाणे नकार न दर्शवता, उलट, अर्थाची तीव्रता वाढवतो. त्यामुळे ‘संतुष्ट’ या अर्थाचा ‘ग्रंटल्ड’ हा मूळ शब्द नसून मागाहून थट्टेने काढलेला आहे; पी. जी. वुडहाऊस यांनी 1938च्या ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’ या कादंबरीत तो वापरला, तरी गंभीर लेखनात तो टाळणेच इष्ट.