प्रकाशाची मोजपट्टी

नदीच काठ घडविते आणि नदीच काठ मोडते. पुराबरोबर आलेला गाळ ती एका वळणावर ठेवते व दुसऱ्या वळणावरील माती खरवडून नेते. नदीवर धरण उभे राहिले, की ही देवघेव बिघडते. जलाशयाच्या संथ पाण्यात गाळ तळाशी बसतो आणि खाली सुटते ते निवळशंख पाणी. काठाला देण्यासारखे त्याच्यापाशी फारसे काही नसते. नेण्याची शक्ती मात्र असते.

अमेरिकेतील कोलोरॅडो नदीचे उदाहरण पाहा. ‘कोलोरॅडो’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थच ‘तांबूस’ असा आहे. इतका गाळ ती वाहून आणीत असे. १९६३ साली ग्लेन कॅन्यन धरणात पाणी अडविण्यास आरंभ झाला आणि धरणाखाली ती नितळ वाहू लागली. पुढे ग्रँड कॅन्यन या विख्यात दरीतील वाळूचे काठ झिजू लागले. या काठांवरील उंचवट्यांवर तेथील आदिवासींच्या शेकडो वर्षांपूर्वीच्या वस्तीचे अवशेष आहेत. वाऱ्याने उडालेली काठाची वाळू त्यांच्यावर पांघरूण घालीत असे. वाळू कमी झाली, पांघरूण विरले आणि पावसाच्या ओघळी त्या अवशेषांना पोखरू लागल्या.

ही झीज मोजावी कशी? काठात खुंट्या रोवून त्या किती उघड्या पडल्या, हे पाहता येते. पण त्यावरून तेवढ्याच जागेची झीज कळते. शिवाय अशा नाजूक जागी वारंवार पाय पडणेही बरे नव्हे. म्हणून अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील शास्त्रज्ञांनी लेसर किरणांचे साहाय्य घेतले.

तिपाईवरील यंत्र काठाकडे लेसर किरण सोडते. तो काठावर आपटून परत येतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर असतो. म्हणून काठ १५ मीटर दूर असेल, तर या येण्याजाण्यास सेकंदाचा एक कोटीवा भाग पुरतो. एवढा सूक्ष्म काळ मोजून यंत्र अंतर काढते. दर सेकंदाला असे हजारो बिंदू टिपले जातात व त्यांतून काठाची हुबेहूब आकृती तयार होते. काही महिन्यांनी पुन्हा मोजणी करावयाची, अढळ खुणांच्या आधारे दोन्ही आकृत्या जुळवावयाच्या व एकीतून दुसरी वजा करावयाची. उरते ती झीज किंवा भर! काही सेंटिमीटरांचा फरकही यातून कळतो. मात्र दाट गवत किरणांना अडविते आणि पाण्याखालचा उतार मोजण्यास ध्वनिलहरी वापराव्या लागतात.

१९९६ साली या धरणातून सात दिवस मुद्दाम मोठा पूर सोडण्यात आला. तळाची वाळू उचलली जाऊन काठांवर बसली. परंतु पुढे तीही झिजत गेली. म्हणून २०१२ पासून, उपनद्यांनी पुरेशी वाळू आणली म्हणजे असा पूर सोडावा, असे धोरण आखण्यात आले. किती वाळू आली आणि किती टिकली, हे मोजल्यावाचून असा निर्णय घेता येत नाही. धरण आपल्याला पाणी व वीज देते. त्याची किंमत नदीचा काठ किती मोजतो, हे जाणून घेणे आपले कर्तव्य होय.